एकदाच विचारलं होतं

मी आईला विचारलंच नाही, असं कुणी म्हणू नये. विचारलं होतं. जुलैच्या शेवटी, स्वयंपाकघरात, अगदी व्यवस्थित विचारलं होतं, "आई, राहतेस का इथेच आमच्याकडे? नागपुरात आता एकटीचं काय आहे?" ती भांडी पुसत होती. म्हणाली, "नको रे बाप्पा, तुमचं चाललं आहे ते बरं चाललं आहे." मी "बरं" म्हटलं, आणि त्याच संध्याकाळी लॅपटॉप उघडून तिचं तिकीट काढलं. दिल्लीमार्गे नागपूर, सहा सप्टेंबर, रविवार.

तिला पुढे काही झालं नाही, हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर तुम्ही शेवटपर्यंत तेवढ्याचीच वाट बघत बसाल. ती ठणठणीत आहे. रोज व्हिडिओवर दिसते, अर्धं कपाळ आणि पंखा. त्यामुळे माझी लाज काडीइतकीही कमी होत नाही.

कारण आमच्या घरात पहिलं नको कुणी धरतच नाही. लहानपणी कुणाकडे गेलो आणि पहिल्याच विचारण्याला मी लाडू उचलला, की परत येताना रिक्षात आई मांडीला असा चिमटा काढायची की ओरडायचीही सोय नसे. पहिल्यांदा विचारलं की नको म्हणायचं. दुसऱ्यांदा विचारलं की पुन्हा नको म्हणायचं, पण जरा हळू. तिसऱ्यांदा कुणी विचारत नाही, सरळ ताटात वाढतात, मग गुमान खायचं. आणि आमच्याकडे पाहुणा आला की हेच सगळं उलट्या बाजूने. आई हातात पातेलं घेऊन उभी, पाहुण्याचे दोन्ही हात ताटावर आडवे, आणि बाबा वैतागून, "अगं, पोट फुटेल त्याचं!" आई म्हणायची, "त्यांचं नको मला कळते, तुम्ही बसा." देश सोडेपर्यंत तीस वर्षं मी हे बघितलंय. तिच्या नको-नकोचे सगळे सूर मला पाठ आहेत.

आता इथे आयर्लंडमध्ये येऊन मला अकरा वर्षं झाली. इथे नको म्हणजे नको, उगाच कुणाला भरीस घालत नाहीत, मलाही आता तशीच सवय झालीय, असं मी मेधाला म्हणालो. मेधा माझी बायको, पुण्याची, स्पष्ट बोलणारी. ती म्हणाली, "तुझी आई आहे, तिला तू ओळखतोस. मला काही अडचण नाही. पण नंतर मला सांगू नकोस की मीच नको म्हणाले." म्हणजे तोही दरवाजा बंद. बायकोवर ढकलायची सोय राहिली नाही, आणि खरं सांगतो, त्या दिवशी मला तिचा रागच आला.

आई फेब्रुवारीत आली होती, तीन महिन्यांसाठी. बाबा जाऊन दोन वर्षं होत आलेली. मार्चमध्ये कोरोनामुळे सगळं बंद झालं आणि ती डब्लिनजवळच्या स्वोर्ड्समधल्या आमच्या घरात अडकली. तिच्या व्हिसाची मुदत सरकार आपोआप वाढवत होतं, पुढेही वाढवेल असं सगळेच म्हणत होते, त्यामुळे घाई कुणालाच नव्हती. मला होती. कशाची? सांगायलाही लाज वाटते, इतक्या बारीकसारीक गोष्टींची. ती नागपूरला फोनवर बोलायची ते अख्ख्या गल्लीला ऐकू जायचं. मी वरच्या खोलीत कॉलवर असलो की कुकरच्या शिट्ट्या. एकदा तर दहा जणांच्या मीटिंगमध्ये माझ्या खांद्यामागून तिचं डोकं आलं, "अभी, पोहे टाकून राहिली, खातो का?" सगळे हसले. चांगलं हसले, प्रेमाने हसले. मी आवाज बंद केला आणि तिच्यावर असा खेकसलो की रेवती खालून वर धावत आली. रेवती माझी मुलगी, नऊ वर्षांची, इथेच वाढलेली. मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र आयरिश हेल काढून इंग्रजीत. आजीशी तिचं छान जमायचं. फक्त एकदा ती म्हणाली, बिस्किटं प्रेसमध्ये आहेत, तर आजी अर्धा तास इस्त्री शोधत बसली. इथे कपाटाला प्रेस म्हणतात हे तिला कोण सांगणार? मी घरात असून नसल्यासारखा.

नागपुरात तेव्हा रोजचे आकडे वाढत होते. ऑगस्टमध्ये आईच्या बिल्डिंगमधले दोघे गेले. तिला माहीत होतं, मलाही माहीत होतं. जेवताना त्यावर बोलणं झालं की ती म्हणायची, "मी कुठं बाहेर जाते? घरातच राहीन." आणि मी मान डोलवायचो.

तर निघायच्या आदल्या दिवशी, शनिवारी, मला एकदम उपरती झाली की आईने डब्लिन पाहिलंच नाही. सात महिने! बसने पाऊण तासावर शहर, आणि तिने बघितलं काय, तर आमची गल्ली आणि सुपरमार्केट. मेधा म्हणाली, "तुम्ही तिघं जा, मी बॅग भरते, वजनाचं बघते." मी आईला म्हटलं, "चल, तुला डब्लिन दाखवतो." ती म्हणाली, "नको रे, तुला एक दिवस सुट्टी मिळते." पण साडी मात्र तिने सकाळीच चांगली नेसली होती, वर स्वेटर, पायात मोजे. मी ते बघितलं आणि त्या वेळी काही मनात आलं नाही.

बसस्टॉपवर ती म्हणाली, "हीच नं ती? एकेचाळीस नंबर? खिडकीतून रोज पाहायची मी." रोज विचारायचीही. "अभी, ही बस कुठं जाते रे?" मी दरवेळी सांगायचो, "गावात जाते." प्रश्नाचं उत्तर दिलं, विषय संपला. ती काय विचारत होती ते न कळायला मी काही बाहेरचा नव्हतो.

गावात पहिल्यांदा नदी दाखवली, लिफी. मग तो पांढरा पूल, फोटो काढले, मास्क खाली, मास्क वर. मग डब्लिनचा किल्ला. आई चौकात उभी राहून चहूकडे बघत म्हणाली, "किल्ला कुठं आहे?" म्हटलं, "हाच." "हा? अरे, ही तर कलेक्टर कचेरी वाटते. आपला सीताबर्डीचा किल्ला याच्यापेक्षा बरा." रेवती खो-खो हसली. मीसुद्धा हसलो. म्हटलं, आत दालनं आहेत, बघायची का? "नको, तिकीट असेल." "बरं." पुढे मोठं चर्च लागलं. आत जायचं? "नको, तुमचे पाय दुखतील." "बरं." ती दारातून मान लांब करून आत बघत राहिली, आणि मी फोनवर पुढचं ठिकाण शोधत राहिलो. असं आमचं दर्शन चाललं होतं, सगळं बाहेरून.

एकच्या सुमाराला एका गल्लीत कॅफे दिसला, बाहेर चार टेबलं मांडलेली, लांबलांब. चालवणाऱ्या बाई सत्तरीच्या, तोंडावर प्लास्टिकची ढाल, हातात वही. मी माझ्यासाठी कॉफी सांगितली, रेवतीला हॉट चॉकलेट. "आई, चहा?" "नको, घरून घेऊन तर निघालो." घरून निघून साडेतीन तास झाले होते. मी "बरं" म्हटलं. बाईंनी विचारलं, आणि मॅमीला काय? मी म्हटलं, "शी'ज ग्रँड." इथे ग्रँड म्हणजे भव्यबिव्य काही नाही, ठीक आहे, काही नको, एवढंच.

बाईंनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. थेट आईला म्हणाल्या, "यू'ल हॅव अ कप ऑफ टी."

"नो, नो. थँक्यू."

"आह, यू विल."

"नो, रिअली," आई म्हणाली, जरा हळू.

"अ स्मॉल ड्रॉप. यू विल, ऑफ कोर्स." आणि बाई वळून आत चालायलाही लागल्या.

"ओके," आई त्यांच्या पाठीला म्हणाली. "लिटल." मग माझ्याकडे वळली, मास्कच्या वर डोळे असे चमकत होते! म्हणाली, "अरे, ही तर आपल्यातलीच आहे!"

मी हसलो, पण माझे कान गरम झाले. अकरा वर्षं इथे राहून मी घरी काय सांगत होतो? इथे नको म्हणजे नको! अरे, कुठल्या देशात राहत होतो मी? ऑफिस सोडून कुणाच्या घरी गेलो असेन तर शपथ. या लोकांची रीत तर शब्दन् शब्द आमच्यासारखी निघाली. दोनदा नाही म्हणायचं, तिसऱ्यांदा घ्यायचं.

चहाची अख्खी किटली आली, वर न मागता एक स्कोन, म्हणजे इथला गोडसर पाव, लोण्यासकट. ठेवता ठेवता बाई आईला चेष्टेने म्हणाल्या, युअर मॅन तुम्हाला उपाशी मारतो की काय? आता युअर मॅन म्हणजे इथे फक्त 'हा गडी', समोर बसलेला, म्हणजे मी. पण आईला ते कसं कळावं? तिने कप खाली ठेवला, पदर सारखा केला आणि गंभीरपणे म्हणाली, "माय मॅन एक्स्पायर्ड. टू इयर्स."

"आजी, शी मीन्स डॅड!" रेवती पुटपुटली. पण बाईंचा चेहरा पडला होता. त्या शेजारच्या टेबलाची खुर्ची ओढून दोन मीटर अंतर राखून बसल्याच. त्यांचा नवरा एप्रिलमध्ये गेला. हॉस्पिटलात कुणाला भेटू दिलं नाही, अंत्यविधीला दहा माणसं. आईला किती इंग्रजी कळलं देव जाणे, पण ती "या, या" करत ऐकत होती. मी कॉफी ढवळत होतो, साखर न घालता.

मग बाईंनी विचारलं, आता तुम्ही इथेच राहणार ना, लेकाकडे?

"नो, नो. टुमॉरो गोइंग. फ्लाइट."

तिकडे कोण आहे?

"नोबडी. हाउस इज देअर."

राहावंसं नाही वाटत इथे?

"नो. दे आर बिझी," आई म्हणाली, हळू.

बाई पुढे वाकल्या. "आह, यू वुड. यू वुड, ऑफ कोर्स."

आईने कप बशीत गोल फिरवला. माझ्याकडे बघितलं नाही. "इफ ही से," ती म्हणाली, "आय स्टे."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. रागाने नव्हे. रागाने बघितलं असतं तर मला बरं वाटलं असतं, मीही मनात चार शिव्या हासडल्या असत्या. त्या नुसत्या वाट बघत होत्या, आता हा बोलेल म्हणून. आणि रेवती, तिचा आवाज तर गल्लीच्या टोकाला गेला असेल. "बट डॅड, यू सेड आजी डिडन्ट वॉन्ट टू!"

मी पैसे द्यायला उठलो. आत गेलो, कार्ड टेकवलं, पावती नको म्हटलं, आणि तिथे बरण्यांसमोर उगाच उभा राहिलो. तोंड कुठे लपवावं कळेना. मास्क होता म्हणून निभावलं. चाळीशी उलटलेला बाप्या, घर आहे, गाडी आहे, अन् आईला दोन शब्द म्हणता येत नाहीत. एका तिऱ्हाईत बाईने पाच मिनिटांत तिच्या मनातलं काढून माझ्यासमोर ठेवलं होतं, आणि मला ते नवीन नव्हतं, हीच खरी लाज. जुलैतच मला माहीत होतं. तो पहिला नको होता. मी तो घाईघाईने उचलून खिशात टाकला, कारण मला तोच हवा होता.

बाहेर आलो तेव्हा दोघी निरोप घेत होत्या, लांबूनच हात जोडून. चालायला लागलो तशी आई म्हणाली, "माझं इंग्रजी म्हणजे काय, तोंडाला येईल ते बोलते. तू मनावर नको घेऊ. ती उगाच विचारून राहिली होती, काहीतरी उत्तर द्यावं लागते." माझी चूक झाकायलाही तीच. मी "हं" म्हणालो.

त्यानंतर मात्र मी पेटलो. सेंट पॅट्रिकच्या चर्चजवळ आलो तेव्हा म्हटलं, "आत जाऊ." "नको रे." "चल गं." "नको, पैसे कशाला—" "काही ऐकणार नाही मी, चल म्हणजे चल." दंडाला धरून आत नेलं. दारात ती सवयीने बूट काढायला वाकली, रेवतीने "आजी, नो!" म्हणून थांबवलं. आत ती रंगीत काचांखाली मान वर करून फिरली. कुठल्याशा दगडी म्हाताऱ्याच्या पुतळ्याला नमस्कार केला, म्हणाली, "कोण का असेना, मोठाच माणूस असेल." बाकावर बसून पाच मिनिटं डोळे मिटले. बाहेर आल्यावर आइस्क्रीम. "नको, थंडी आहे." "घे." "नको, खरंच." "दोन गोळे!" मी दुकानदाराला ओरडून सांगितलं. तिने ते बागेत बसून कोनाच्या टोकापर्यंत खाल्लं, बोटं पुसली आणि म्हणाली, "किती छान दिवस केला रे आज." तिचा चेहरा इतका खूश होता की मी खाली जमिनीकडे बघत राहिलो. आइस्क्रीमचा आग्रह मला जमत होता. चर्चचा जमत होता. ज्याची किंमत संध्याकाळनंतर मोजावी लागत नाही असा कुठलाही आग्रह मला फर्मास जमत होता.

सहाच्या बसने परत निघालो. एक आड एक सीटवर पट्ट्या लावलेल्या. रेवती पुढे जाऊन बसली. आई खिडकीशी, मी पलीकडच्या सीटवर. ती दमली होती, पण बाहेर बघणं सोडत नव्हती. मी मनात हिशेब लावत होतो. तिकीट रद्द करता येतं, पैसे गेले तर गेले. मेधा काही बोलणार नाही. रेवतीला तर हवंच आहे. मग अडलंय कुठे? माझ्यापाशीच येऊन अडत होतं. मी आणि माझी ती वरची खोली, तिचं दार, ते बंद करून बसण्याची शांतता. बस्स, एवढंच. आईच्या जिवापुढे मी काय ठेवलं होतं, तर एक बंद दार.

बस विमानतळाच्या वळणावर शिरली. आईने बाहेर बोट दाखवलं. "उद्या इथंच नं?"

"हो," म्हटलं. आणि मग विचारलं. खरंच विचारलं. "आई, तिकीट रद्द करू का? राहतेस?"

तिने आधी मास्क नीट केला. मग म्हणाली, "नको रे." इतकं हळू, की बसच्या आवाजात मला ते जवळजवळ ऐकूच आलं नाही.

हा दुसरा होता. ती खिडकीकडे तोंड करून बसली होती, पण तिचा कान माझ्याकडे होता, मला तिची पाठ कळते. आता विचारायचंही नव्हतं. नुसतं म्हणायचं होतं, गप्प बस, राहायचं म्हणजे राहायचं. तिच्या तोंडून हे वाक्य मी हजारदा ऐकलंय, पातेल्यातून पाहुण्याच्या ताटात पडताना. दुपारी मी स्वतः म्हटलं होतं, एका चर्चच्या दारात. जिभेवर आलंही होतं.

मी म्हटलं, "नक्की ना?"

मराठी ज्याला येतं त्याला सांगायला नको. 'नक्की ना' हा काही प्रश्न नाही. त्याला उत्तर एकच असतं, आणि ते उत्तर समोरच्याने द्यावं म्हणूनच आपण तसं विचारतो.

"हो, नक्की," आई म्हणाली. लगेच म्हणाली, मला फार वाट बघायला लावली नाही. मग मधल्या मोकळ्या जागेतून हात लांब करून माझा गुडघा थोपटला. "दोनदा विचारलं तू, अभी. नाहीतर कोण विचारते आजकाल?"

स्वोर्ड्सचा आमचा स्टॉप अजून बराच लांब होता. मी उठून दाराशी जाऊन उभा राहिलो.